जांघेतली गाठ

शेषरावच्या जांघेतलं अवधाण काही केल्या बसत नव्हतं. बायको रागिणी रोज चुना-गूळ लावायची, तरी गाठ वाढतच गेली. शेवटी दोघं अकोटला डॉक्टर मिस्बाह यांच्याकडे आले.

“गाठ वर असली तरी मूळ पायात असते. पायाले काय लागलं?”

“दगडाची ठेच, मॅडम. आंगठ्याची जखम भरूनच नाई राहिली.”

“वहिनी, तुमी सांगा.”

“तिले काय विचारता? तिचं तोंड आता उघडत नाई,” शेषराव हसला. रागिणीनं तोंडावरचा पदर घट्ट धरला.

डॉक्टरांनी जखम उघडली. चिमट्यात पांढरा, टोकदार तुकडा आला.

“पाहा, म्हटलं नव्हतं? दगडच!”



रागिणीनं पदर खाली केला. “दगड नाई, मॅडम. माहा दात हाय तो.”