सहा फुलं

"बाबा, तुमच्या ऐंशीव्या वाढदिवसाची फुलं आलीत," मुलगी गुच्छ हातात देत म्हणाली.

पीटरने चष्मा लावून फुलं मोजली. सहा. पुन्हा मोजली. सहाच.

लाटव्हियात जिवंत माणसाला विषम फुलं देतात. सम फक्त मेलेल्याला. युद्धात तिथून निसटताना त्याने जुनं नाव टाकून दिलं आणि ॲडलेडला येऊन संसार थाटला. ही रीत त्याने घरात कुणालाच सांगितली नव्हती.

"एखादं वाटेत गळलं असेल," तो म्हणाला.

"नाही, सातच होती. घेऊन आलेल्या आजोबांनी दारातच एक काढून माझ्या छोट्या एमाला दिलं. तिच्याशी बोलत बागेत बसलेत. आत या म्हटलं तर म्हणाले, आधी आर्विड्सला मोजू दे."

ती फुलदाणीत पाणी ओतू लागली.

"बाबा, आर्विड्स कोण?"