पट्टीवरचे सोळा

"मावशी, दर आठव्या दिवशी या ओढ्याला होतं तरी काय?" इंजिनियरबाईंनी वही मांडीवर आपटली.

मावशी काठच्या दगडावर बसून पायांचा चिखल धूत होत्या. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, वर्षभर रोज सकाळी सात वाजता त्या इथे येत होत्या. ओढ्यात एक फळी आडवी बसवलेली होती. तिच्या खाचेतून पाणी खाली पडे. खाचेत पाणी किती चढलंय ते पट्टीवर वाचायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. गावात त्यांचं नावच पट्टीमावशी पडलं होतं. एक दिवस बुडवला असेल तर शपथ! पण उन्हाळ्याच्या पानांवर सात दिवस वीस, आठव्या दिवशी सोळा. पुन्हा सात दिवस वीस, पुन्हा सोळा.

फरक चारच सेंटिमीटरचा. ऐकायला किरकोळ, पण तेवढ्यात खाचेतलं पाणी जवळजवळ निम्म्यावर येतं. आणि कचेरीचा नियम सरळ होता. वर्षातला सगळ्यात कमी आकडा धरायचा आणि तेवढ्या पाण्यावर फिरेल तेवढंच वीजयंत्र गावाला द्यायचं. सोळाचं यंत्र घरोघरी एकेक दिवा लावणार, बस्स. दवाखान्यातला लसींचा फ्रिज आणि बाळंतिणीच्या खोलीतला मोठा दिवा त्यावर चालणार नव्हता. आज दुपारी कचेरीची यंत्रांची यादी बंद व्हायची होती. तोवर आकडा कळवणं भाग होतं.

"ओढ्याला काय धाड भरलीय?" मावशी म्हणाल्या. "त्या दिवशी पाण्याची पाळी आमची असते."

ओढ्यावर आठ घरांची शेतं होती आणि प्रत्येक घराला आठ दिवसांतून एकदा पाणी मिळे. सात शेतं फळीच्या खालच्या अंगाला होती. वरच्या अंगाला एकच, मावशींचं. पाळीच्या दिवशी मावशी पहाटे बांध फोडत, पाणी भाजीच्या वाफ्यांत वळवत आणि बरोबर सातला खाली येऊन उरलेलं पाणी इमानेइतबारे मोजत.

"अहो, मग तसं लिहायचं नाही का? शेजारी शेऱ्याचा रकाना दिलाय!"

"पाळी कुणाची ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. त्यात लिहायचं काय?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. जमिनीत भेग आहे का, पाणी कुठे मुरतंय का, म्हणून दोन दिवस त्यांनी नकाशे पालथे घातले होते. मनातल्या मनात मावशींच्या चष्म्यावरही संशय घेऊन झाला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"हात्तिच्या!" बाजूला उभे असलेले गावप्रमुख म्हणाले. "मग ते सोळा खोडून वीस करून टाका की. कोण बघायला बसलंय?"

खरं सांगायचं तर बाईंच्या हातातलं पेन त्याआधीच उघडलेलं होतं. पण मावशी ताडकन उठल्या आणि त्यांनी वही ओढून छातीशी धरली.

"खोडायचं नाही. पाणी होतं तेवढंच लिहिलंय."

बाईंनी गुपचूप पेनाचं टोपण लावलं.

मावशी पाण्याकडे बघत म्हणाल्या, "उन्हाळ्याचे तीन महिने आम्ही पाळीच सोडली, तर सोळा यायचेच नाहीत ना?"

"नाही यायचे. तसं लिहून दिलंत तर मी आत्ता वीस कळवते. पण भाजीचं काय?"

"नाही व्हायची. जमिनीलाही जरा पाठ टेकू दे."

मावशींनी बोलणं हसण्यावारी नेलं. पण त्या भाजीवरच त्यांचा उन्हाळा निघतो, हे गावप्रमुखांना माहीत होतं. मघाशी मोठ्या तोंडाने बोलणारे ते, आता मान खाली घालून पायाने माती उकरत बसले.

बाईंना भरून आलं. नोकरीत त्यांनी गावं काही कमी पाहिली नव्हती. वीज सगळ्यांना हवी असते, पण वाट्याचं पाणी सोडा म्हटलं की एकेक जण मागच्या दाराने निघून जातो. इथे तर मागण्याआधीच मिळालं होतं. पुढे होऊन मावशींचे हात हातात घ्यावेत असं त्यांना वाटलं. पण आधी एक गोष्ट सांगायलाच हवी होती.

"मावशी, यंत्र खाली बसणार. तारा तिथून खालच्या घरांकडे जाणार. तुमचं घर वर, एकटं. तिथवर तार येणार नाही. ज्यांना वीज मिळणार त्यांच्या यादीत तुमचं नाव नाही."

"ठाऊक आहे. नकाशा वाऱ्याने उडत होता तेव्हा दुसरं टोक मीच धरलं होतं की."

"मग हे सगळं कशासाठी?"

"माझी नात त्याच दवाखान्यात झाली, बाई. पोटात आडवी होती. सिस्टरांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनी बॅटरी दातांत धरली. चांगला तासभर. पुढे आठ दिवस त्यांना घास चावता येत नव्हता." मावशींनी वही बाईंच्या हातात दिली. "आमच्या घरी उजेड तेव्हाच आला. आता सिस्टरांचं तोंड मोकळं करा."