त्र्याऐंशी टक्के पाणी

"त्र्याऐंशी टक्के पाणी!" दुधावर धरलेला फोन रणधीरने सगळ्या गल्लीला दाखवला. हल्ली फोन नुसता समोर धरला की कशात काय किती आहे ते कळायचं. माणसाच्या शपथांना आता कोण विचारतो?

"दादा, आईशप्पत, थेंबसुद्धा घातला नाही," सिदाप्पा गवळी हात जोडून म्हणाला.

"माझ्या पोरीला पाणी पाजतोस, हरामखोरा!" रणधीरने दुधाची किटलीच त्याच्या डोक्यात घातली. मग ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन सगळेच तुटून पडले. आपल्याच गोठ्याच्या दारात सिदाप्पा कोसळला, सांडलेलं दूध लाल झालं, तेव्हा कुठे हात थांबले.

आत रेडकू दावं तोडून म्हशीला लुचत होतं.

"आता बघा, खरं दूध कसं असतं ते!" रणधीरने त्याच्या तोंडातून गळणाऱ्या दुधावर फोन धरला.

पाणी, त्र्याऐंशी टक्के.

तेवढ्यात अँब्युलन्स आली. डॉक्टरीणबाई सिदाप्पाशेजारी बसल्या, त्याची नाडी चाचपत त्यांनी घाईने विचारलं, "शुद्ध आहे का?"

रणधीरची नजर रेडकावरून हलेना.

"होय," तो पुटपुटला, "शुद्धच होतं."