मागचा स्पीकर

"थांबव, थांबव! या बाभळीजवळ पाह्य. मी इथंच उभी होती," बेबीताई म्हणाल्या.

त्यांच्या मुलाने, अश्वजितने, रिमोट दाबला आणि पडद्यावरचा परग्रह जागच्या जागी गोठला.

भर दुपारी खिडक्यांना गोधड्या टांगून मेहकरच्या त्या लहानशा खोलीत अंधार केला होता आणि अर्धी गल्ली त्या अंधारात दाटीवाटीने बसली होती. वीस वर्षांपूर्वी लोणारच्या विवरात एका मराठी विज्ञानपटाचे चित्रीकरण झाले होते. तिथे राखणीला असलेल्या नवऱ्याची भाकर घेऊन विवरात उतरलेल्या आपण त्या चित्रपटात आलो आहोत, असे बेबीताई तेव्हापासून सांगत आल्या होत्या. जुन्या सीडीवर मात्र त्या प्रसंगात नुसता गढूळ काळोख दिसे. गल्लीने त्यांचे नाव 'परग्रहाची पाहुणी' ठेवून दिले होते.

आता त्याच चित्रपटाची नवी डिस्क निघाली होती. मूळ फिल्मवरून स्वच्छ केलेले चित्र आणि मूळ ध्वनिफितींवरून पाच स्पीकरांसाठी नव्याने बांधलेला आवाज! चारचौघांत तोंड न उघडणारा अश्वजित फावल्या वेळात अशा डिस्कांच्या चित्राला आणि आवाजाला गुण देत लिहीत बसे. ही डिस्क येणार हे कळल्यापासून त्याला नीट जेवण गेले नव्हते; कारण आईने साऱ्या गल्लीसमोर सांगून टाकले होते, "त्या दिवशी नाही दिसली, त पुन्हा जन्मात त्या पिच्चरचं नाव काढणार नाही."

चित्र देखणे होते. जिथे काळोख होता तिथे आता जांभळी सांज उतरली होती. खडकांवरच्या भेगा दिसत होत्या, यानाच्या पत्र्यावरचे खिळे मोजता येत होते. दिसत नव्हती ती फक्त आई.

"बेबे, बाभळीचा काटा न् काटा दिसून राह्यला वं," शेजारच्या रुक्मिणीबाई म्हणाल्या. "तूच तेवढी कुठं उडाली? यानात बसली काय?"

खोली हसून हसून लोळली. अश्वजित पडद्याजवळ गेला. दोन बाभळींच्या मधली हातभर जागा तेवढी गुळगुळीत होती. जणू कुणी ओल्या फडक्याने पुसून घेतली असावी. चित्र स्वच्छ करणाऱ्यांनी डाग समजून काय पुसले, ते त्याला कळले. पण ते सांगायला शब्द हवे होते, आणि शब्द नेहमीप्रमाणे ओठांशी येऊन परत फिरले.

"अरे, मले इचारा नं!" खाटेवर ऐसपैस रेललेले बेबीताईंचे यजमान माणिकराव म्हणाले. "त्या यानाची राखण कोणाकडे होती? माह्याकडे! डोळ्यात तेल घालून बसलो होतो. दिवसभर जागचा हललो नाही. ही आली असती, त मले दिसली नसती काय?"

वीस वर्षे हीच साक्ष भारी पडत आली होती. एरवी बेबीताई तिच्यावर तुटून पडत. आज त्या नुसत्या उठल्या.

"चहा मांडते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

अश्वजितने चित्रपट पुढे सोडला. परग्रहावरचे श्वापद गुरगुरू लागले. हे श्वापद अख्ख्या चित्रपटात एकदाही दिसत नसे. ऐकू येई ती त्याची खोल, ओली, काळजाचे पाणी करणारी घरघर. लहानपणी ती ऐकून गल्लीतली पोरे आयांना बिलगत. अश्वजितला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला, सुवर्णाला, मात्र तिने गाढ झोप लागे, आणि असे का, याचे त्याला नेहमी नवल वाटे. रुक्मिणीबाईंना कमी ऐकू येई, म्हणून त्याने आवाजांची वर्णने देणारी अक्षरपट्टी लावून ठेवली होती. पडद्याखाली उमटले : (श्वापदाची घरघर.)

ते वाचता वाचता त्याचे कान टवकारले. आवाज पुढून येत होता, उजवीकडून येत होता. मागे डावीकडे मात्र शुकशुकाट होता. त्याने वळून पाहिले. त्या स्पीकरची पिन काढून बाबांनी तिथे कूलरची पिन खोचली होती.

"बाबा, कूलर बंद करा!"

सारी खोली दचकली. एवढा मोठा आवाज या पोराकडे आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हते.

"काऊन बे? उकडून माराचं हाय काय साऱ्यायले?"

 माणसे ओलांडत अश्वजित गेला, कूलरची पिन उपटली, स्पीकरची लावली आणि प्रसंग मागे नेला. कूलरची पाती फडफडत थांबली. खोलीत अचानक इतकी शांतता झाली की विवरातला वारा ऐकू येऊ लागला.

आणि मग घरघर आली ती थेट माणसांच्या मानेमागून. दूर कुठेतरी बांगड्या किणकिणल्या. कोरड्या पानांवर पावले वाजली, जवळ आली. पाठोपाठ वीस वर्षांपूर्वीचा एक कोवळा, खणखणीत आवाज अंतराळभर घुमला,

"अवो सुवर्णाचे बाबा! राखणीले बसले का घोराले? उठा, भाकर थंडी होऊन राह्यली!"

चहाचे पातेले हातात घेऊन बेबीताई दारात खिळल्या. साऱ्या माना खाटेकडे वळल्या. माणिकरावांनी रुमालाने तोंड पुसायला घेतले, ते पुसतच राहिले. स्पीकरमधली ती भयंकर घरघर अडखळली, दोनदा फुरफुरली आणि एकाएकी थांबली.

पडद्याखाली अक्षरे उमटली : (श्वापद जागे होते.)