सातवा दोरा

तपासनिसाने मान वर करून छत पाहिलं आणि फॉर्मवर लिहायला घेतलं. "छत सुस्थितीत."

मुलीने डोक्याला हात लावला. घरदुरुस्तीच्या सरकारी अनुदानासाठी तिने चार महिने कचेरीत खेटे घातले होते. आज कुठे माणूस घर बघायला आला, आणि काल आईने काय करावं? शेजारच्या रंगाऱ्याला गळ घालून छताच्या फळ्यांना पांढरा रंग मारून घेतला. ओलीचे डाग गायब. गळतीखालच्या सगळ्या बादल्याही त्याच्याच घरी रवाना. सरकारचा असला तरी पाहुणाच तो, त्याच्यासमोर घर कसं नीटनेटकं दिसायला हवं.

"पावसात किती गळतं, सांग ना त्यांना," मुलगी म्हणाली.

"इतकं काही नाही हो," आई चष्मा पुसत म्हणाली. "थोडंफार सगळ्यांकडेच गळतं."

"आजी, मी डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहू शकतो. 'सुस्थितीत' असा शेरा पडला की अर्ज बाद. मग तीन वर्षं पुन्हा करता येत नाही."

तीन वर्षं हे छत तग धरणार नव्हतं. मुलगी स्टुलावर चढली. फळीतल्या एका खिळ्याभोवती गुंडाळलेला जाड दोरा तिने सोडला. टोकाच्या बटणाच्या वजनाने तो सरळ खाली आला आणि जमिनीपासून वीतभर वर डोलत राहिला.

"हे काय?" तपासनिसाने विचारलं.

"बाबा शिंपी होते. थेंब टपटपले की आम्ही भावंडं झोपेतून उठायचो. म्हणून जिथे गळेल तिथे ते दोरा बांधायचे. पाणी दोऱ्यावरून गुपचूप बादलीत उतरायचं."

ती स्टूल सरकवत एकेक दोरा सोडत गेली. आईचा चेहरा आधी पडला होता, तो हळूहळू खुलला. तिला राहवेना.

"ते लाल बटण तुझ्या फ्रॉकचं. हे मोठं काळं डॉक्टरांच्या ओव्हरकोटाचं. आणि ते पितळी बँडवाल्याचं. शिवायला टाकून गेला तो गेलाच, मेला. कोट पडून राहिला. तुझा भाऊ घालून मिरवायचा घरभर." ती हसली. किती दिवसांनी हसली होती कोण जाणे. त्या वेळी घरात माणसं मावत नव्हती, आणि गळक्या घराची तिला लाज वाटल्याचं तरी कुणाला आठवत नव्हतं.

तपासनीस स्टुलावर चढला. खिळ्याशेजारच्या फळीवर त्याने पेनाचं टोक दाबलं. पेन अर्धं आत गेलं. ओला, काळा भुसा त्याच्या बाहीवर पडला. त्याने प्रत्येक खिळ्यापाशी तसंच करून पाहिलं, खाली उतरला, आधीचा शेरा खोडला आणि लिहिलं, 'छत धोकादायक. संपूर्ण बदलावे.' मुलीने भिंतीला पाठ टेकली.

"गळतीच्या जागा सात," तो लिहिता लिहिता म्हणाला.

"सहा लिहा, साहेब."

"आई, आता तरी..."

"खोटं कशाला लिहायचं? सहाच आहेत."

तपासनिसाने पुन्हा मोजले. सातवा दोरा आईच्या खाटेवर लोंबत होता. बाकीचे पाण्याने पिवळट पडले होते, हा मात्र कोराच होता. टोकाला सदऱ्याचं साधं पांढरं बटण. मुलीनेही तो आजच पाहिला होता.

"इथे गळत नाही, तर मग दोरा कशाला बांधलात?"

"मी नाही बांधला." आईने ते बटण बोटांत धरलं. "त्यांनी बांधला, जायच्या आधीच्या उन्हाळ्यात. म्हणाले, पुढेमागे इथेही गळायला लागेल, आणि तुझा हात काही तिथवर पोचायचा नाही."