मनकर्णाबाईची बांधी

"सांग बाई, काय टाकलं तू यात?" उत्तमराव पाटील शेताच्या धुऱ्यावर उभे राहून विचारत होते. जानेफळच्या तळ्याखाली सगळ्यांच्या धानात गुडघाभर साव्याचं तण माजलं होतं. एकट्या मनकर्णाबाईच्या बांधीत तणाची काडी नव्हती.

तिनं काही लपवलं नाही. "करंजाचा पाला, पाटील. लावणीच्या आधी चिखलात तुडवला. त्याच्या कडू पाण्यात तणाचं बी उगवतच नाई." बांधावरच्या करंजाखाली तण येत नाही, हे तिनं पाहून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिची लेक कोकिळा याच बांधीत निंदत होती. सावा उपटायला तिनं हात घातला आणि आतल्या सापानं मनगट धरलं. बैलगाडीतून मेहकरला नेताना ती वाटेतच गेली. तेव्हापासून मनकर्णाबाईला धानात तण बघवत नसे. ही रीत गावभर व्हावी असंच तिला वाटलं.

पुढच्या वर्षी पाटलांनी आपल्या सगळ्या बांध्यांत पाला तुडवला. मजुरीनं निंदण लावणारे गावात तेच एकटे होते. श्रावणात मजूर बाया त्यांच्या दारात गेल्या, तर "यंदा निंदण नाई" म्हणून त्यांना परत पाठवलं. त्या साली पावसानं ताण दिलेला. ज्वारी-कपाशीतही काम नव्हतं. मनकर्णाबाईच्या शेजारची गोजरबाई नुसत्या रानातल्या तरोट्याच्या भाजीवर दिवस काढू लागली. तिचं दूध आटलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिची अंगावरची पोर गेली.

मनकर्णाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. गोजरबाईच म्हणाली, "तुह्यं काई चुकलं नाई बाई. पण आमच्या हाताले तेवढंच काम होतं."

उन्हाळ्यात पाटील हसतच आले. नागपूरहून शेतकी खात्याचे साहेब श्रावणात येणार होते. मनकर्णाबाईची बांधी पाहून ते ही रीत साऱ्या वऱ्हाडात सांगणार होते.

"तुह्यं नाव होईल," पाटील म्हणाले. ती फक्त "हाव" म्हणाली.

साहेब आले आणि धुऱ्यावरच थबकले. धान पिवळं पडलं होतं. त्याच्या डोक्यावर सावा डुलत होता.

"पाला टाकला होता ना?" पाटलांनी मनकर्णाबाईला विचारलं.

"टाकला होता. दोन वर्सं गुण येते, पाटील. तिसऱ्या वर्सी जमीन उलटते. तण दुप्पट येते."

पाटलांचं हे दुसरंच वर्ष होतं. त्यांचा चेहरा उतरला. साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि ते घोड्यावर बसले. जाता जाता पाटील बघायला जमलेल्या मजूर बायांना म्हणाले, "पुढच्या साली पाला नाई. निंदायले याल."

मनकर्णाबाई धुऱ्यावरच बसून राहिली. गोजरबाई लुगडं खोचून चिखलात उतरली. "मी निंदू लागतो तुह्यासंगं," ती म्हणाली. तिनं साव्याचा एक बुडखा उपटला. मग दुसरा. तिसऱ्यावर तिचा हात थांबला. तिनं मान वर करून बांधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मग मनकर्णाबाईकडे.

सावा उगवलेला नव्हता. तो वीतवीत अंतरानं, धानासारखा ओळीत, कोणीतरी हातानं लावलेला होता.