हक्कसोडाची तिसरी तारीख

“मारा सेल्फ!” बॉनेटमध्ये डोकं घातलेला निजामोद्दीन मिस्त्री ओरडला.

शिवमनं चावी फिरवली. इंजिन घरघरलं, पण पेटलं नाही. साडेदहा वाजले होते आणि बिलोलीच्या रजिस्ट्री ऑफिसातली वेळ बाराची होती.

“काय मेली गाडी हाय!” ओट्यावरून कस्तुराबाई कडाडल्या. “रोज बाजाराला पळती अन् आजच रुसली?”

त्यांचा वैताग खरा होता. ही तिसरी तारीख. त्यांच्या लेकीनं, दीपमालानं, आपल्या वाट्याच्या दोन एकरांचा हक्क भावाच्या नावे सोडायचा, एका सहीचं काम. पण पहिल्या वेळी शिवम आधार कार्ड घरीच विसरला. दुसऱ्या वेळी निम्म्या वाटेत त्याचं पोट दुखायला लागलं. असल्या धांदरटाच्या नावावर जमीन करायची म्हणजे कमालच, पण पोटचा पोरगा पडला.

दीपमाला मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. नवरा गेल्यापासून ती लातुरात ब्लाउज शिवून दोन लेकरं वाढवत होती. तिचं म्हणावं असं ते दोन एकरच. पण सही केली नाही तर माहेर तुटतं, हे आईनं तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. आईचं तिला नवल नव्हतं. राग येत होता तो धाकट्या भावाचा. एकदा तरी तो ‘राहू दे, आक्का’ म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो तर एक हात पँटच्या खिशात घालून, घामाघूम होऊन मिस्त्रीवर खेकसत होता.

मिस्त्रीनं बॅटरी तपासली. फिल्टर खोलून पाहिला. हातपंप दाबून दाबून लाईनीतली हवा काढली.

“डिझेल बरोबर येऊन राहिलंय,” तो म्हणाला. “करंटचंच काहीतरी हाय. फ्यूज अन् रिलेचा डबा बघतो. एक रिले निसटला तरी गाडी पेटत न्हाई.”

“तो मी सकाळीच बघितला,” शिवम ताडकन म्हणाला. “तुम्ही हवा काढा.”

“चार दफे काढली, शिवमभाऊ. आता माझीच निघायली.”

“मलप्पाची जीप सांग की!” कस्तुराबाईंनी ओट्यावरून फर्मावलं.

शिवम अंगणाच्या कडेला गेला आणि पाठ फिरवून फोनवर बोलला. “भाडं घेऊन हदगावला गेलाय म्हणं.”

“अन् यष्टी?”

“साडेनवालाच गेली. आता एक वाजता.”

कस्तुराबाईंनी कपाळावर हात मारला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. शेवटी त्यांनी शिवमला मिस्त्रीसाठी चहा आणायला आत पिटाळलं. तेवढ्यात निजामोद्दीननं डब्याचं झाकण उघडलं. आत पाहिलं, मग मागच्या सीटवरच्या दीपमालाकडे पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

“पंप गेला, मावशी,” तो म्हणाला. “नांदेडहून आणावा लागंल. आज काय गाडी हलत न्हाई.”

चहा घेऊन आलेल्या शिवमनं ते ऐकलं आणि बॉनेट धाडकन आपटलं. कस्तुराबाईंनी गाडीला, पंपाला आणि नांदेडलाही शिव्या घातल्या. पुढची तारीख सोमवारची मागायची ठरली.

“सोमवारी परत माझी शिलाई बुडणार,” दीपमाला म्हणाली. “तुला एवढी घाई हाय तर गाडी तरी धड ठेव.”

ती दुपारच्या एसटीनं लातूरला जायला निघाली. वळणापर्यंत तिनं मागे पाहिलं नाही.

कस्तुराबाई आत गेल्यावर निजामोद्दीननं हत्यारं पिशवीत भरली आणि फाटकापाशी येऊन शिवमपुढं हात पसरला. शिवमनं मजुरीसाठी वरच्या खिशातून पैसे काढले.

“पैसे राहू द्या,” निजामोद्दीन हळूच म्हणाला. “पँटच्या खिशातला रिले इकडं द्या. सोमवारपर्यंत घरात ठेवला तर मावशीच्या हाती लागंल.”